जूनचा रकाना डिसेंबरात भरू नका

विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करून मान्यता देणाऱ्या नॅकला पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला लिहितेय, कारण पुढे जे मागणार आहे त्याला नॅकच्या बेंगळुरू कार्यालयाची परवानगी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही आणि पैसाही लागत नाही. लागते ती तुमची सही.

आपण दरवर्षी नॅकला वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल पाठवतो, म्हणजे आपला एक्यूएआर. त्याच्या पहिल्याच भागात एक छोटा तक्ता आहे. डावीकडे, वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने, म्हणजे आयक्यूएसीने, काय करायचं ठरवलं. उजवीकडे, वर्षाअखेर त्याचं काय झालं. बस, दोन रकाने. बाकी अहवाल आकडे मागतो, जोडपत्रं मागतो, लिंका मागतो. ‘सतत गुणवत्ता सुधारणा’ हे जे आपण प्रत्येक कार्यशाळेत ऐकतो, ते सरळ शब्दांत विचारणारी जागा मात्र हीच.

आणि ती कशी भरली जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०२३-२४ चा अहवाल भरायला आपण डिसेंबर २०२४ मध्ये बसतो. आधी उजवा रकाना भरतो, कारण त्याचे फोटो असतात. वेबिनार झाला, योग दिन झाला, चार सामंजस्य करार झाले. मग त्यावरून डावा रकाना तयार होतो. ‘वेबिनार घेणे’, समोर ‘घेतला’. ‘वृक्षारोपण करणे’, समोर ‘केले’. जून २०२३ मध्ये काय ठरवलं होतं ते दीड वर्षानंतर ठरतं. त्यामुळे आपल्याकडे ठरवलेलं फसलं असं कधी होतच नाही. असं नशीब कापूस पेरणाऱ्या एकाही शेतकऱ्याला लाभलेलं मी पाहिलेलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते आणि आयक्यूएसीचं समन्वयकपद सांभाळते. ‘सांभाळते’ म्हणजे काय ते ज्यांच्या गळ्यात हे पद पडलंय त्यांना विचारा. आमच्याकडे घडलेली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. म्हणणं सगळं त्यातच आहे.

बी.ए. प्रथम वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीत आमची पोरं दर हिवाळी परीक्षेत आपटायची. कारण तयार होतं आणि दरवर्षीच्या इतिवृत्तात तेच उतरायचं: ग्रामीण विद्यार्थ्यांचा पाया कच्चा असल्याने. उपायही तयार होता, रेमेडियल वर्ग. ते घेतलेही जायचे. सकाळी सातला, पहिल्या तासाच्या आधी, कारण तेवढीच खोली रिकामी. फोटो निघायचे, हजेरीपत्रक जोडलं जायचं, फाइल जाड व्हायची. निकाल तिथेच.

आमच्या कार्यालयात एक वही आहे. बसच्या सवलतीच्या पासासाठी विद्यार्थी अर्जावर कॉलेजचा शिक्का घ्यायला येतात, त्याची नोंद बाबू त्यात ठेवतात: नाव, वर्ग, गाव. नॅकच्या कुठल्याही निकषात ही वही मागितलेली नाही. आमच्या इंग्रजीच्या मॅडम एकदा नापासांची यादी घेऊन कशासाठी तरी कार्यालयात बसल्या होत्या, समोर ती वही उघडी. दोन्हींत तीच ती नावं दिसू लागली. मग आम्ही यादी गाववार लावली. तालुक्याच्या गावात राहणारी पोरं बऱ्यापैकी पास होती. नापासांची गर्दी होती ती एकाच रस्त्यावरच्या गावांची.

त्या रस्त्यावरच्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, आमची गाडीच साडेआठले येते. पहिला तास आमी कधी पायलाच नाही.”

इंग्रजीचा तास पहिला होता, साडेसातचा. रेमेडियल त्याच्याही आधी. ज्यांच्यासाठी रेमेडियल, ती त्या वेळी गावच्या फाट्यावर उभी. आणि फोटोत बसलेली पोरं गावातली, आधीच पास होणारी.

पाया कच्चा आहेच, ते मी नाकारत नाही. पण कच्च्या पायावर तास तरी बसायला हवा होता.

गाडीची वेळ आमच्या हातात नव्हती, वेळापत्रक होतं. इंग्रजी तिसऱ्या तासाला आणायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात स्टाफ मीटिंग अर्धा दिवस चालली. कारण तिसरा तास हलवला की पाचवा हलतो, आणि पाचवा हलला की ज्यांना दुपारची गाडी पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी परतायचं असतं त्यांची गाडी चुकते. अप-डाऊन हे आपल्या ग्रामीण कॉलेजांचं उघडं गुपित आहे, त्यावर कुणी बोलत नाही. मी अप-डाऊन करणाऱ्यांना खलनायक ठरवत नाही. मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, नवरा-बायकोच्या दोन ठिकाणच्या नोकऱ्या, सगळ्यांची कारणं खरी असतात. पण वर्षानुवर्षं वेळापत्रक कुणाच्या गाडीप्रमाणे लागत आलं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. प्राचार्यांनी खमकेपणा दाखवला म्हणून बदल झाला.

पुढच्याच परीक्षेत निकाल उंचावला असं लिहायचा मोह होतो. तसं झालं नाही. वर्गात पोरं दिसायला लागली, एवढंच झालं. निकाल हलायला आणखी एक वर्ष गेलं, आणि हलला तोही थोडाच. तरी इतक्या वर्षांत आम्ही केलेली गुणवत्तेची एकमेव सुधारणा कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन.

आता ही सुधारणा अहवालात कुठे लिहायची? वेळापत्रक बदलल्याचा जिओटॅग फोटो निघत नाही. फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटवणारं ते अॅप आज आपल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या फोनमध्ये आहे. पुरावा म्हणून ते वाईट नाही. न झालेले कार्यक्रम दाखवायची जुनी सवय त्याने बरीच मोडली. पण आता कार्यक्रम व्हायचे म्हणून होतात आणि फोटो निघाला की संपतात. एकाच खड्ड्यात तीन वेगवेगळ्या वर्षांची झाडं लावलेली मी फोटोंत पाहिली आहेत. अक्षांश-रेखांश हुबेहूब तेच. पडताळणी करणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, माळ्याच्या आलं.

आपण इथवर कसे आलो तेही थोडं बघायला हवं. नॅक १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केली. सात निकष, त्यांवर गुण, चार गुणांपैकी सरासरी, आणि ए डबल प्लसपासून डीपर्यंत श्रेणी. २०१७ च्या सुधारित चौकटीत सुमारे सत्तर टक्के भार आकड्यांवर गेला आणि ते आकडे बाहेरून तपासले जाऊ लागले. हेतू चांगला होता. पाहणी पथकाच्या पाहुणचारावर श्रेणी ठरते ही कुजबुज थांबावी, हाच. पण कुजबुज थांबली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाच घेऊन चांगली श्रेणी दिल्याच्या आरोपावरून एका पाहणी पथकातल्या सदस्यांना अटक केली. दूर आंध्रातल्या एका मोठ्या संस्थेचं ते प्रकरण. आपल्यातल्या कितीजणांना ते वाचून आश्चर्य वाटलं, हे मी विचारत नाही.

त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींप्रमाणे श्रेणी काढून टाकण्याचं जाहीर झालं होतं. एक तर मान्यता आहे, नाही तर नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी वरच्या पाच पातळ्या वेगळ्या. या बदलावर आपल्याकडे झालेल्या बहुतेक चर्चा मी ऐकल्या. सगळ्यांत प्रश्न एकच: मग आमच्या ए ग्रेडचं काय? कमानीवर लिहिलेलं पुसायचं का? रस्त्यापलीकडच्या संस्थेपेक्षा आम्ही वर होतो ते कसं दाखवायचं?

मला या बदलात दुसरंच दिसतं. कमकुवतपणा कबूल केला की गुण जातात, गुण गेले की श्रेणी जाते, श्रेणी गेली की अनुदान आणि स्वायत्ततेची दारं बंद होतात आणि प्रवेशावर परिणाम होतो. ही भीती खोटी नव्हती. ती डोक्यावर असताना कुठला प्राचार्य ‘आमची पोरं इंग्रजीत आपटतात’ असं स्वतःहून लिहील? श्रेणीचं ओझं उतरणार असेल तर खरं लिहायची सोय पहिल्यांदाच होते आहे. तिचा फायदा घ्यायचा की मान्यता मिळवून देणाऱ्या सल्लागाराचा नवा दर विचारायचा, हे तुम्ही ठरवणार आहात.

सल्लागारांबद्दल इतकंच सांगते. अहवाल कसा अपलोड करायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं, त्यासाठी जरूर बोलवा. पण बी.ए.च्या कॉलेजात इंजिनिअरिंगवरून उचललेले सीओ-पीओचे, म्हणजे विषयातून आणि पदवीतून मुलांना काय यायला हवं याचे, एक्सेल तक्ते भरायला लावणाऱ्याला परत बोलावू नका. त्या तक्त्यांतून आमच्या एकाही शिक्षकाने शिकवण्यात काही बदललेलं मला आढळलं नाही.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचं बघा. एकवीस प्रश्न, थेट विद्यार्थ्याच्या ई-मेलवर. पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? नेमका, अडचणीत आणणारा प्रश्न. शेवटचा मोकळा: शिकवण्यात सुधारणा व्हावी म्हणून तुमच्या सूचना लिहा. महाविद्यालयाला दहा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे प्रतिसाद पुरतात. आपण काय करतो? मुलांचे ई-मेल कार्यालयात बसून तयार होतात, पासवर्ड एका कागदावर असतात, आणि ‘चांगली’ शंभर पोरं संगणक कक्षात बसवली जातात. शेवटच्या प्रश्नाला शंभर जणांचं उत्तर ‘एव्हरीथिंग इज गुड’. एवढ्या कमी प्रतिसादांची अट असताना, उरलेल्या सगळ्यांना तोच पहिला प्रश्न कागदावर, मराठीत, नावाशिवाय विचारायला आपल्याला कुणी अडवलं होतं? ती उत्तरं नॅकला पाठवायची गरजच नाही. ती तुमच्या टेबलावर हवीत.

आयक्यूएसीच्या रचनेतही अशी एक जागा वाया जाते. तिच्यात स्थानिक समाजाचा एक प्रतिनिधी असतो, एक विद्यार्थी, एक माजी विद्यार्थी. समाजाचे प्रतिनिधी म्हणून आपण कुणाला घेतो? संस्थेच्या संचालकांचे व्याही, निवृत्त अधिकारी, किंवा ज्यांना दुसऱ्या कुठल्या समितीत घेता आलं नाही असे कुणी. बैठकीत चहा होतो, नाश्ता होतो, सह्या होतात. विद्यार्थी प्रतिनिधी दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसतो आणि ‘तुला काही सांगायचंय का’ असं विचारल्यावर ‘नाही सर’ म्हणतो. बसने येणाऱ्या मुलींपैकी एकीची आई त्या जागेवर घ्या. शेतकरी, कापूस वेचणारी, फारशी न शिकलेली चालेल. लेक वर्षभर कॉलेजात जाते आणि तिच्यात काय फरक पडला, हे ती नियोक्त्याच्या अभिप्रायाच्या छापील फॉर्मपेक्षा नीट सांगेल. आपल्या बी.ए.वाल्यांचे नियोक्ते म्हणून तुम्ही कुणाचे फॉर्म भरून घेता हे मला माहीत आहे. तुमच्या किराणा दुकानदारांना माझा नमस्कार सांगा.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्यांच्या, बहुजनांच्या पोरांना शिकता यावं म्हणून. २७ डिसेंबरला त्यांच्या जयंतीला आपण सगळेच हे सांगतो. त्यानंतर चारच दिवसांनी अहवालाची मुदत संपते, आणि त्या अहवालात शेतकऱ्याचं पोरगं वर्गात कधी असतं आणि कधी नसतं याचा मागमूस नसतो.

आता रिक्त जागांचा मुद्दा. तो तुम्ही काढणार हे मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. निम्मे विषय तासिका तत्त्वावर चाललेत. सीएचबीवरचा पोरगा दोन-दोन कॉलेजांत तास घेतो, त्याला मानधन कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि त्याच्याकडून आपण संशोधन, विस्तारकार्य, सीओ-पीओ, सगळं मागतो. कायम पदं भरल्याशिवाय गुणवत्तेच्या गप्पा अर्धवटच राहणार. त्यासाठी भांडायला मी तुमच्या सोबत आहे. पण इंग्रजीचा तास पहिल्यावरून तिसऱ्यावर आणायला एकही पद भरावं लागलं नव्हतं. ग्रंथालयाने एन-लिस्ट या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सेवेची वर्गणी दरवर्षी भरली आहे, पावती निकष चारमध्ये लावली आहे, आणि ते उघडून किती पोरांनी किती वाचलं याची आकडेवारी मागवून बघायची राहिली आहे, ती बघायलाही पद लागत नाही. ग्रंथपालांना विचारा. आकडा लाजिरवाणा निघेल. निघू द्या, तो लिहून ठेवा, पुढच्या वर्षी परत बघा. सुधारणा मोजायला आपला स्वतःचा मागचा आकडा लागतो, शेजारच्या संस्थेचा नाही.

तर माझी मागणी अशी. सत्राच्या सुरुवातीची आयक्यूएसी बैठक सत्राच्या सुरुवातीलाच घ्या. कक्षाने दर तिमाहीला भेटायचं असतं, तेव्हा ही काही जादा बैठक नाही. त्या बैठकीत डाव्या रकान्यात कार्यक्रम लिहू नका, दुखणं लिहा. एक किंवा दोन, पाचापेक्षा जास्त तर नाहीच. आजचा आकडा त्याच्या शेजारी लिहा, कितीही वाईट असो. ते इतिवृत्त त्याच आठवड्यात संकेतस्थळावर टाका, म्हणजे डिसेंबरात कुणाला ते ‘सुधारता’ येणार नाही. आणि वर्षाअखेर काम झालं नसेल तर उजव्या रकान्यात ‘साध्य झाले नाही’ असं लिहून, का झालं नाही ते दोन ओळींत सांगून, खाली सही करा.

या तीन शब्दांखाली सही करायची म्हणजे अध्यक्षसाहेबांना काय वाटेल, स्थानिक पेपरात काय छापून येईल, प्रवेशाच्या वेळी समोरची संस्था त्याची झेरॉक्स काढून गावोगाव वाटेल का, हे सगळे विचार तुमच्या मनात येतील. समोरची संस्था वाटेलही. म्हणूनच हे पत्र एकट्या प्राचार्यांना नाही, संस्थाचालकांनाही लिहिलं आहे. प्राचार्यांच्या पाठीशी तुम्ही उभे राहणार असाल तरच ते लिहितील. पथक यायच्या आधी रंगरंगोटीला तुम्ही जो पैसा काढता, त्याला कुणी नको म्हणणार नाही. पण पथक गेलं की पोळा फुटतो आणि पुढची पाच वर्षं त्या भिंतींकडेही कुणी बघत नाही.

आमच्या डाव्या रकान्यात यंदा मी काय घातलंय ते सांगते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दिवाळीच्या आगेमागे आमचे वर्ग अर्धे रिकामे होतात. आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, घरचं एकेक माणूस लागतं, आणि मुली सगळ्यांत आधी थांबतात. प्रवेश सप्टेंबरपर्यंत रेंगाळलेले, त्यात ही गळती, आणि लगेच हिवाळी परीक्षा. कागदावर सत्राचे नव्वद दिवस भरतात. वेचणीला जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातले किती येतात, ते यंदा पहिल्यांदा गाववार आणि महिनावार मोजायला घेतलं आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम दाखवून तिला परीक्षेला बसू न देणं हा उपाय नाही, आणि सगळ्यांची हजेरी सरसकट भरून टाकणं हाही नाही. आजवर आपण दुसराच केला आहे.

प्रॅक्टिकल नसलेले विषय सप्टेंबरात जास्त तास घेऊन आधी संपवता येतील का, यावर आमच्याकडे मतभेद आहेत. रविवारच्या तासांना मुली येतील असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. रविवारीही कापूस वेचतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हाच पेच रोवणीच्या दिवसांत, सत्राच्या तोंडालाच येत असणार, म्हणजे तिकडच्या कुणी ना कुणी यावर काहीतरी करून पाहिलं असेल. फसलेलं असेल तरी चालेल. काय केलं, कुठे फसलं, ते कळवा. आमची पुढची बैठक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, आणि सोंगणी सुरू व्हायच्या आत वेळापत्रक लावायचं आहे.

आपली,
एका तालुक्याच्या महाविद्यालयातील आयक्यूएसी समन्वयक
जिल्हा यवतमाळ